दीक्षा आफ्रिकेची, अभ्यासक्रम आणि पैसा कुणाचा?

२९ जून १९१३ रोजी युगांडातल्या मसाकाजवळ, व्हिला मारिया इथे, बिशप हेन्री स्ट्रायखर यांनी बाझिलिओ लुमू आणि व्हिक्टोरो मुकासा या दोन तरुणांना गुरुदीक्षा दिली. स्थानिक मुलांमधून धर्मगुरू घडवण्याचं काम तिथे १८९३ मध्ये सुरू झालं होतं. दोन फादर तयार व्हायला वीस वर्षं लागली. या वीस वर्षांत कितीतरी मुलं आली, लॅटिनची व्याकरणं घोकली आणि घरी परतली. स्ट्रायखर यांच्या सहकारी मिशनऱ्यांपैकी अनेकांना हा खटाटोप व्यर्थ वाटत होता. आफ्रिकी तरुण आजन्म ब्रह्मचर्य पाळणार नाही, तत्त्वज्ञान त्याच्या डोक्यात शिरणार नाही, असं ते उघडपणे म्हणत. स्ट्रायखर मात्र दहा हजार जणांच्या धर्मांतरापेक्षा एक स्थानिक धर्मगुरू तयार होणं मोलाचं मानत आणि तसं बोलूनही दाखवत.

त्या काळातल्या युगांडात ब्रिटिश राजवटीचा एखादा जिल्हाधिकारी आफ्रिकी असेल, हे कुणाच्या मनातही येत नव्हतं. रेल्वेत, कचेरीत, पलटणीत आफ्रिकी माणसासाठी खालच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. आणि इथे मसाकाजवळच्या एका टेकडीवर, १९११ मध्ये उभ्या राहिलेल्या कातिगोंडोच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, स्थानिक गांडा समाजातला मुलगा तोच अभ्यास करत होता जो फ्रान्समधला सेमिनरीयन करत होता, आणि तीच दीक्षा घेत होता. वसाहतीच्या आफ्रिकेत काळ्या माणसाला गोऱ्याच्या बरोबरीच्या पदासाठी तयार करणाऱ्या संस्था फारच थोड्या होत्या. सेमिनरी त्यांपैकी एक होती, याचं श्रेय तिला निःशंकपणे द्यायला हवं.

पण हे हस्तांतर अर्ध्यावर थांबलं, अशी माझी तक्रार आहे. वेदी आफ्रिकी हातांत आली, पुढे बिशपचं आसनही आलं. वेदीवर उभा राहणारा माणूस काय शिकून येणार आणि त्याच्या शिक्षणाचा खर्च कोण उचलणार, हे दोन निर्णय मात्र अजूनही बऱ्याच अंशी आफ्रिकेबाहेर घेतले जातात. ते आता आफ्रिकेतल्या ख्रिस्तसभांनी स्वतःकडे घेतले पाहिजेत. युरोपात धर्मगुरूंचा दुष्काळ पडलेला असताना तर हे अधिकच निकडीचं झालं आहे.

कातिगोंडो मसाकाच्याच परिसरात का उभं राहिलं, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. कार्डिनल लाव्हिजरी यांनी १८६८ मध्ये अल्जिअर्समध्ये स्थापन केलेल्या ‘व्हाइट फादर्स’ या संघाचे फादर सिमेऑं लूर्देल आणि ब्रदर आमांस १८७९ च्या फेब्रुवारीत व्हिक्टोरिया सरोवर ओलांडून बुगांडात, आजच्या युगांडातल्या एका राज्यात, उतरले. १८८२ च्या अखेरीस कबाका (म्हणजे राजा) मुतेसा यांच्या दरबारातलं वातावरण बिघडल्यामुळे संघाने तिथून माघार घेतली आणि १८८५ पर्यंत देशात एकही कॅथलिक धर्मगुरू नव्हता. त्या तीन वर्षांत नव्या ख्रिस्ती मंडळींनीच एकमेकांना शिकवलं आणि प्रार्थनेसाठी एकत्र जमत राहिले. नंतर कबाका म्वांगा यांच्या काळात छळ झाला. १८८५ ते १८८७ या वर्षांत बावीस कॅथलिक मारले गेले, त्यांतले बरेच जण ३ जून १८८६ रोजी नामुगोंगोला जिवंत जाळले गेले. त्यांतला एकही धर्मगुरू नव्हता. सगळे दरबारातले सेवक, सैनिक, साधे संसारी लोक. १८९२ च्या लढाईत ब्रिटिशांचं पाठबळ असलेल्या प्रोटेस्टंट गटाकडून कॅथलिक गटाचा पराभव झाला आणि मोठ्या संख्येने कॅथलिक बुड्डू प्रांतात, म्हणजे आजच्या मसाकाच्या भागात, येऊन स्थिरावले. बिशप हिर्थ यांनी पुढच्याच वर्षी मुलांना सेमिनरीच्या शिक्षणाला बसवलं ते याच पार्श्वभूमीवर. आधी लहान मुलांसाठी बुकालासा, मग मोठ्यांसाठी कातिगोंडो. पराभूत, विस्थापित समाजाने आपली माणसं घडवायला घेतली होती.

गोव्याचा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यातलं काही नवीन वाटणार नाही. दिवाडी बेटावरच्या मातेउश दी कास्त्रो यांना गोव्याच्या आर्चबिशपनी दीक्षा नाकारली, म्हणून ते थेट रोमला गेले, तिथे शिकले, दीक्षित झाले आणि १६३७ मध्ये बिशप झाले. भारतीय वंशाचे लॅटिन परंपरेतले ते पहिले बिशप. तरीही पोर्तुगीज सत्तेने त्यांना सुखाने काम करू दिलं नाही. पुढे गोव्यात राशोलच्या सेमिनरीतून स्थानिक धर्मगुरूंच्या पिढ्या बाहेर पडल्या, पण वरच्या जागा गोऱ्यांसाठी राखीवच राहिल्या. १७८७ मध्ये कांदोळीच्या पिंटो घराण्याभोवती जो कट शिजला, त्यात धर्मगुरू पुढे होते, आणि बढत्या नाकारल्याचा सल त्यामागच्या मुख्य कारणांपैकी एक होता. सेमिनरी असणं आणि अधिकार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गोव्याने दीडशे वर्षांत दाखवून दिलं होतं. रोमने १६२२ मध्ये धर्मप्रसारासाठी ‘प्रोपागांडा फिदे’ हे खातं काढलं, ते बऱ्याच अंशी पोर्तुगाल आणि स्पेनच्या राजांच्या या मक्तेदारीला शह देण्यासाठीच. पुढे पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९१९ च्या नोव्हेंबरमध्ये जगभरच्या मिशनऱ्यांना बजावलं की स्थानिक धर्मगुरू हा दुय्यम मदतनीस नव्हे, त्याने एक दिवस आपल्या लोकांचं नेतृत्व करायचं आहे.

मसाकाने ते आपल्या आयुष्यात खरं करून दाखवलं. नाकिरेबे गावात १८९९ मध्ये जन्मलेले जोसेफ किवानुका बुकालासात आणि मग कातिगोंडोत शिकले, १९२९ मध्ये दीक्षित झाले, रोममध्ये त्यांनी धर्मकायद्याची डॉक्टरेट मिळवली. २९ ऑक्टोबर १९३९ रोजी, युरोपात महायुद्ध पेटून दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, पोप बारावे पायस यांनी सेंट पीटर्समध्ये जगभरातल्या बारा जणांना एकत्र बिशपपदाची दीक्षा दिली. त्यांत किवानुका होते. वंशश्रेष्ठत्वाच्या नावाने एक राजवट माणसं मारायला निघाली असताना रोमच्या मुख्य वेदीवर एका काळ्या माणसाच्या मस्तकावर पोपनी हात ठेवले होते. सोळाव्या शतकात काँगोच्या राजाचे पुत्र हेन्रिक बिशप झाले होते. त्यांच्यानंतर लॅटिन परंपरेत चारशे वर्षं जवळजवळ रिकामी गेली होती.

किवानुका परतले ते मसाकाचा संपूर्ण कारभार आफ्रिकी धर्मगुरूंच्या हाती घ्यायला. हा प्रयोग फसेल, हिशेब बुडतील, शिस्त मोडेल, असं भाकीत करणारे पुष्कळ होते. मसाका नीट चाललं. किवानुकांनी धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या वस्त्यांत, निवडून आलेल्या समित्या आणल्या, शाळांसाठी पालकांचे संघ उभे केले, तरुण धर्मगुरूंना उच्च शिक्षणासाठी परदेशी पाठवलं. फादरच्या शब्दापुढे मान तुकवायची सवय असलेल्या समाजात त्यांनी सामान्य ख्रिस्ती माणसाला मत दिलं, तेही युगांडात सार्वत्रिक मतदान येण्याच्या कितीतरी आधी. नंतर रुबागाचे आर्चबिशप झाल्यावर १९६१ मध्ये त्यांनी राजाच्या नावाने पक्षीय राजकारण करणाऱ्यांना जाहीर पत्रातून इशारा दिला आणि कबाकाच्या सरकारचा रोष पत्करला. असा माणूस कातिगोंडोने घडवला. एखाद्या संस्थेने शंभर वर्षांत एवढं एकच फळ दिलं असतं तरी मी तिची बाजू घेतली असती.

फळं आणखीही आहेत. व्हाइट फादर्सनी १९११ मध्ये सुरू केलेल्या ‘मुन्नो’ या लुगांडा वृत्तपत्राचे संपादक फादर क्लेमेंट किग्गुंडू इदी अमीनच्या राजवटीत १९७३ च्या जानेवारीत मारले गेले. जळालेल्या गाडीत त्यांचा मृतदेह सापडला. अमीनने परदेशी मिशनऱ्यांना मोठ्या संख्येने हाकललं, तेव्हा युगांडातली ख्रिस्तसभा कोसळली नाही, कारण तिची स्वतःची माणसं तयार होती. सत्तर वर्षं आधी एका बिशपने धरलेला हट्ट या वेळी कामी आला.

मग अडलं कुठे? शिक्षणाच्या आतल्या गाभ्यात अडलं. १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने सेमिनरीचा जो साचा घालून दिला, तो सोळाव्या शतकातल्या युरोपातल्या अडाणी, बेशिस्त पाद्र्यांवरचा उपाय होता. मुलगा लहानपणीच घरापासून दूर न्यायचा, भिंतीआड ठेवायचा, लॅटिनमधून तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र शिकवायचं, घंटेवर उठवायचं, घंटेवर झोपवायचं. आफ्रिकेत तो साचा जसाच्या तसा आणला गेला. दहा-बारा वर्षं अशी काढून जो तरुण गावी परतायचा, त्याला मध्ययुगीन युरोपच्या स्कोलॅस्टिक तत्त्वज्ञानातले सूक्ष्म भेद मांडता येत, पण आजीच्या श्राद्धविधींबद्दल, पूर्वजांबद्दल, चेटकाच्या भीतीबद्दल, मूल नसलेल्या बाईवर येणाऱ्या दुसऱ्या लग्नाच्या दडपणाबद्दल बोलायला त्याच्याकडे शब्द नसत. त्याच्या धर्मग्रामातले लोक मात्र याच प्रश्नांसह जगत होते.

हे आफ्रिकी धर्मगुरूंनी स्वतःच बोलून दाखवलं. १९५६ मध्ये पॅरिसमध्ये आफ्रिकी आणि हैतीच्या काळ्या धर्मगुरूंनी एकत्र येऊन आपल्या शंका छापून काढल्या. १९६० मध्ये काँगोतल्या लोव्हानियम विद्यापीठात थार्सिस त्शिबांगू नावाच्या विद्यार्थ्याने आफ्रिकी धर्मशास्त्र शक्य आहे असं मांडलं. त्यांचे डीन आल्फ्रेड व्हानेस्ट यांचं उत्तर असं की धर्मशास्त्र आधी सार्वत्रिक असलं पाहिजे, रंग नंतर. वाद सभ्यपणे झाला आणि तो आजही मिटलेला नाही. मी त्शिबांगूंच्या बाजूचा आहे. व्हानेस्ट ज्याला सार्वत्रिक म्हणत होते, ते पॅरिस, लुव्हाँ आणि रोम इथे घडलेलं, त्या त्या शहरांच्या प्रश्नांना दिलेलं उत्तर होतं. ते उत्तम होतं. पण काँगोच्या राजधानीच्या, किन्शासाच्या प्रश्नांना वेगळं उत्तर लागतं, आणि ते शोधण्याचा हक्क किन्शासाचा आहे. पोप सहावे पॉल १९६९ मध्ये कंपालाला आले, आफ्रिकेच्या भूमीवर पाय ठेवणारे पहिले आधुनिक पोप, आणि तिथे त्यांनी आफ्रिकी ख्रिस्ती धर्म तुम्हाला लाभू शकतो, तो असलाच पाहिजे, असं जाहीरपणे सांगितलं. काँगोत कार्डिनल मालुला यांनी ते मनावर घेतलं. त्यांच्या प्रयत्नांतून आलेली मिस्साविधीची झाईरी पद्धत (झाईर हे काँगोचं तेव्हाचं नाव) १९८८ मध्ये रोमने मान्य केली. मिस्सा मराठीत ऐकत वाढलेल्या वसईकराला या मान्यतेचं मोल वेगळं सांगायला नको.

याच मालुलांच्या आयुष्यात सेमिनरीचा दुसरा कसोटीचा क्षण आला. तिथला हुकूमशहा मोबुटू याने १९७२ मध्ये आपल्या पक्षाच्या युवक शाखा सेमिनऱ्यांच्या आवारात उघडायचं फर्मान काढलं. मालुलांनी नकार दिला आणि काही महिने त्यांना देशाबाहेर राहावं लागलं. गंमत म्हणून नव्हे, गांभीर्याने सांगतो: मोबुटू ‘आफ्रिकी अस्सलपणा’च्या नावाने बोलत होता. त्यामुळे अभ्यासक्रम आफ्रिकी करा म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवलं पाहिजे, की आपल्या मातीचं नाव घेऊन हुकूमशहाही येतात. सेमिनरीची स्वायत्तता रोमपासून जितकी हवी, तितकीच राष्ट्राध्यक्षाच्या प्रासादापासून हवी.

रवांडाने याहून कठोर प्रश्न विचारला. न्याकिबांडाच्या मोठ्या सेमिनरीतून धर्मगुरूंच्या पिढ्या बाहेर पडल्या. रवांडा आफ्रिकेतल्या सर्वांत कॅथलिक देशांपैकी एक होता. आणि १९९४ मध्ये, बहुसंख्य हुतूंमधल्या कट्टरांनी केलेल्या वंशसंहारात, चर्चच्या इमारतींतच हजारो अल्पसंख्य तुत्सी मारले गेले. न्यांगेचे धर्मगुरू आथानास सेरोंबा यांच्या चर्चवर बुलडोझर घातला गेला, आत आसरा घेतलेले लोक खाली गाडले गेले. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने सेरोंबांना दोषी ठरवून अखेर जन्मठेप दिली. जीव धोक्यात घालून लोकांना वाचवणारे आणि त्यासाठी मारले गेलेले धर्मगुरूही रवांडात होते. तरीही इतक्या वर्षांच्या धर्मशिक्षणाने हुतू-तुत्सी भेदाला हात का लावला नाही, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते, त्या भेदाकडे अभ्यासक्रमाने कधी धर्मशास्त्राचा विषय म्हणून पाहिलंच नाही. तो ‘राजकारणा’त ढकलला गेला.

शेजारच्या बुरुंडीत बुता इथल्या लहान सेमिनरीत मात्र यादवीच्या काळात वेगळं घडत होतं. तिथे हुतू आणि तुत्सी मुलं एकत्र राहत, आणि बाहेर काय चाललं आहे यावर रेक्टर फादर झकारी बुकुरू यांनी मुलांना उघडपणे बोलायला लावलं. भीती, राग, घरच्यांनी शिकवलेला द्वेष, सगळं. ३० एप्रिल १९९७ रोजी पहाटे हत्यारबंद टोळी आत शिरली. हुतू एका बाजूला, तुत्सी दुसऱ्या बाजूला व्हा, असा हुकूम झाला. मुलांनी वेगळं व्हायला नकार दिला. चाळीस विद्यार्थी मारले गेले. मला त्यांच्याबद्दल लिहिताना हात जड होतो. ट्रेंटच्या साच्यात हे शिक्षण कुठेही नव्हतं. आपल्या देशातली जखम ओळखून एका आफ्रिकी रेक्टरने ते स्वतः रचलं होतं. अभ्यासक्रम स्थानिक हाती असावा याला मी यापेक्षा मोठा पुरावा मागणार नाही.

आता पैशाकडे येऊ. फ्रान्समधल्या काँ शहरात स्तेफानी बिगार्ड आणि त्यांची मुलगी जान यांनी १८८९ मध्ये मिशन-प्रदेशांतल्या सेमिनऱ्यांसाठी निधी जमवायला सुरुवात केली. त्यातूनच प्रेषित संत पीटरच्या नावाची संस्था उभी राहिली, आणि नायजेरियात एनुगूच्या मोठ्या सेमिनरीला बिगार्ड हेच नाव आहे. त्या मायलेकींनी आपलं सर्वस्व या कामाला दिलं. त्यांच्याबद्दल मनात केवळ आदर आहे. पण सव्वाशे वर्षांनंतरही आफ्रिकेतल्या बहुतेक सेमिनऱ्या त्याच वार्षिक अनुदानावर विसंबून असतील, तर ज्याच्याकडून पैसा येतो त्याचं मत जड होणारच. युरोपातलं दान वर्षागणिक आटत चाललं आहे, तेव्हा हे अवलंबित्व आता धोक्याचंही आहे.

आणि इथेच युरोपातला दुष्काळ मध्ये येतो. २०२२ च्या अखेरीस जगभरात मोठ्या सेमिनऱ्यांत सुमारे १ लाख ८ हजार विद्यार्थी होते. त्यांतले ३४ हजारांहून अधिक आफ्रिकेत. युरोपात आकडा घसरतो आहे, आफ्रिकेत चढतो आहे. फ्रान्स, जर्मनी, आयर्लंडमधल्या धर्मग्रामांत आज नायजेरियन आणि काँगोली फादर मिस्सा अर्पण करताना दिसतात. बारावे पायस यांनी १९५७ मध्ये युरोपातल्या बिशपांना आफ्रिकेसाठी धर्मगुरू पाठवायचं आवाहन केलं होतं. प्रवाह आता उलटला आहे. यात अभिमान वाटण्यासारखं नक्कीच काही आहे. पण आफ्रिकेत एका धर्मगुरूमागे कॅथलिकांची संख्या युरोपापेक्षा कितीतरी जास्त आहे. अनेक गावांत महिनोन्‌महिने मिस्सा होत नाही. ज्याच्या शेतात पाणी कमी, त्यानेच शेजाऱ्याच्या बागेला पाट काढून द्यावा, असा हा व्यवहार आहे. बिशपांनी धर्मगुरू परदेशी पाठवताना आधी आपल्या रिकाम्या धर्मग्रामांची यादी समोर ठेवावी, आणि पाठवलेल्या माणसाची परतीची तारीख ठरलेली असावी.

अनेकजण म्हणतात, आफ्रिकी मुलं सेमिनरीत जातात ती पोटासाठी, फुकट शिक्षणासाठी, प्रतिष्ठेसाठी. काहींच्या बाबतीत ते खरं असेल. आयर्लंडच्या आणि गोव्याच्या गरीब घरांबद्दलही हेच बोललं गेलं होतं, आणि त्या घरांतून संतही निघाले. नायजेरियातल्या कडुना इथल्या सेमिनरीतून जानेवारी २०२० मध्ये चार विद्यार्थी पळवले गेले. त्यांतल्या अठरा वर्षांच्या मायकेल न्नादीला मारून टाकलं. सेमिनरीत नाव घालणाऱ्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना तिथे हा धोका ठाऊक असतो, तरी मुलं येतात. त्यांच्या हेतूवर शंका घेण्यापेक्षा त्यांना कसं शिकवतो, याची काळजी करणं मला जास्त गरजेचं वाटतं.

शेवटी तो मुलगा ज्याच्याबरोबर काम करणार आहे, त्या कॅटेकिस्टबद्दल. आफ्रिकेतल्या बहुतेक खेड्यांत ख्रिस्तसभा प्रत्यक्षात चालवतो तो कॅटेकिस्ट: बाप्तिस्म्याची तयारी करून घेणारा, रविवारी प्रार्थना घेणारा, मयताला उभा राहणारा संसारी माणूस. १८८२ ते १८८५ या तीन वर्षांत बुगांडातली श्रद्धा ज्यांनी टिकवली, त्यांचा हा वारस. सेमिनरीयनच्या शिक्षणावर आठ-नऊ वर्षांचा खर्च होतो. कॅटेकिस्टच्या वाट्याला अल्पसं प्रशिक्षण आणि तुटपुंजं मानधन येतं. मग नव्याने दीक्षित झालेला पंचविशीतला फादर पन्नाशीच्या कॅटेकिस्टला हुकूम सोडतो. हे बदलायला रोमच्या पुढाकाराची वाट पाहावी लागत नाही. २०१६ मध्ये व्हॅटिकनने सेमिनरी-शिक्षणाची जी नवी चौकट दिली, तिच्यात प्रत्येक देशाच्या बिशप परिषदेने आपला आराखडा करायचा आहे. मंजुरी रोमची असली तरी लेखणी बिशपांच्या हातात आहे. सेमिनरीयनने एक सलग वर्ष कॅटेकिस्टच्या घरी राहावं, त्याच्या हाताखाली काम करावं, आणि त्याचं मत दीक्षेआधी लेखी मागवावं, हे त्या आराखड्यात घालता येईल. सेमिनरीच्या कारभारी मंडळावर कॅटेकिस्ट, सिस्टर आणि पालक निवडून यावेत. धर्मग्रामांनी मका, केळी, कॉफी, जे पिकतं त्यातून आपापल्या मुलाच्या खर्चाचा वाटा उचलावा आणि त्याचा हिशेब रविवारी चर्चच्या दारावर लावावा. निवडून आलेल्या समितीपुढे धर्मगुरूने उत्तर द्यायचं, ही पद्धत किवानुकांनी मसाकात ऐंशी वर्षांपूर्वी रुजवली होती. कातिगोंडो त्याच धर्मप्रांतात आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच होऊ शकते.